न मोजलेल्या गाडीवरची लाल खूण

आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि जड शब्द येत नाहीत. जे साधे शब्द येतात त्यांतच सांगतो. लहानांनी ऐकावं, मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

रस्ते होते पण रस्त्यांना नावं नव्हती, इतक्या जुन्या काळी नदीकाठी एक गाव होतं. बाजार नदीच्या पलीकडे भरायचा. मध्ये पूल नव्हता, वाळूचं रुंद पात्र होतं. म्हणून गावात गाडीला फार मान.

गाड्या एकच सुतार बनवायचा. त्याच्यासारखी गाडी दुसऱ्या कुणाला जमत नसे. चाकं मात्र कुणीही बनवावीत, कुणाचीही घ्यावीत. कारण चावडीत एक लोखंडी कडं होतं. गाडीची आस, म्हणजे ज्या दांड्यावर चाक फिरतं तो दांडा, त्या कड्यातून जायलाच हवी. आस कड्यात बसली की गावाचा मापाडी तेच कडं ओल्या गेरूत बुडवून गाडीच्या फळीवर उमटवायचा. ती लाल गोल खूण नसेल तर गाडी बाजारात शिरू शकत नसे. सगळ्या आसा एका मापाच्या, त्यामुळे कुणाचंही चाक कुठल्याही गाडीला बसायचं.

गावात एक चाकवाली होती. तिची चाकं बाभळीची आणि रुंद. वाळूत रुतत नसत. नवरा गेल्यावर त्या चाकांवरच तिने दोन मुली वाढवल्या होत्या.

एके दिवशी सुतार म्हणाला, "आजपासून गाडीबरोबर चाकं फुकट!"

लोक खूश झाले. कुणीतरी चाकवालीला चिडवलं, "मावशी, आता चाकांवर पापड वाळवा."

"वाळवीन की," ती हसून म्हणाली. "पण त्याची चाकं अरुंद आहेत. वाळूत अडकलात की याल माझ्याकडेच."

तसंच झालं. लोक सुताराची फुकट चाकं काढून ठेवत आणि तिची बसवत. सुताराला हे झोंबलं. पुढच्या गाड्यांची आस त्याने दोन बोटं जाड केली, तिच्यावर आपलं चाक चढवलं, वरून लोखंडी टोपण लावलं आणि खिळे ठोकून टाकले. मग गाडी चावडीपुढे आणली.

"टोपण काढा, आस मोजतो," मापाडी म्हणाला.

"आस? कुठे आहे आस?" सुतार हसला. "पूर्वी आस वेगळी होती, चाक वेगळं होतं. आता दोन्ही मिळून एकच वस्तू झाली. माणसाचा हात मोजायचा तर तुम्ही तो खांद्यापासून उपटता का?"

लोक हसले. मापाड्याला ते बोलणं नीट कळलं नाही. काहीतरी चुकतंय एवढं वाटत होतं, पण काय ते सांगता येईना. विचारावं, तर वीस जण बघताहेत. गावाचा मापाडी, आणि त्याला एवढंही कळू नये?

त्याने मान हलवली. "हो, हो. बरोबर आहे," म्हणाला आणि खूण उमटवली.

त्यानंतर वर्षभर तो तशा गाड्यांवर खुणा उमटवतच गेला. एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही कसं म्हणायचं?

चाकवाली सुताराकडे गेली. "दादा, आस किती जाड केलीत तेवढं सांगा. मी चाकांची भोकं मोठी करते."

"ते आमच्या घरातलं गुपित."

"गुपित कसलं? गावाचं माप आहे ते."

"मग गावाच्या मापाड्याला विचारा. खूण त्याची आहे."

ती मापाड्याकडे आली. "भाऊ, एकदाच टोपण काढायला लावा आणि कडं लावून बघा. गिऱ्हाईक सगळं तुटलंय. पुढच्या बाजारापर्यंत काही झालं नाही, तर पोरींना घेऊन मला भावाच्या गावी जावं लागेल."

मापाडी जमिनीकडे बघत म्हणाला, "बघतो, ताई."

तो काही बघायला गेला नाही. उलट तिच्या गल्लीतून जाणंच त्याने सोडलं.

बाजाराचा दिवस आला. नदीच्या वाळूत कुंभाराची गाडी रुतली होती आणि एक चाक मोडलं होतं. मडक्यांचा चुरा झाला होता. टोपणामुळे चाक निघत नव्हतं. मापाडीही गाडीला खांदा द्यायला पुढे झाला. शेजारी परगावची एक म्हातारी उभी होती. तिला तो कोण हे ठाऊक नव्हतं.

"ही लाल खूण ज्याने मारली," ती म्हणाली, "त्याने मोजलं तरी होतं का? का नुसती रंगपंचमी खेळला?"

कुंभाराने मापाड्याकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली. ते मान वळवणंच मापाड्याला जास्त लागलं.

शेवटी कुंभाराने दगड घालून टोपण फोडलं. मापाड्याने पिशवीतून कडं काढलं आणि आसेला लावलं. कडं टोकावरच अडलं.

तो तसाच गावाकडे पळाला. चाकवालीच्या अंगणात गाढवावर करवती, पटाशी, अंथरुणं लादून झाली होती. मुली दारात उभ्या होत्या.

"ताई, आस मापात नाही," तो धापा टाकत म्हणाला.

"मला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं का?"

"सुताराचं बोलणं मला कळलंच नव्हतं."

"मग विचारायचं होतं की!"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

तिने अंथरुणांची गाठ आवळली. "भाऊ, मी वर्षभर थांबले. लोखंड तापवायची भट्टी, लाकूड, सगळं विकून झालं. आता कशावर थांबू?" असं म्हणून तिने गाढवाचा दोर धरला आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापाडी ओलं फडकं आणि कडं घेऊन सुताराच्या दारात गेला. तिथे नव्या गाड्यांची रांग होती. तो एकेक लाल खूण पुसू लागला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागला, "ही मी मोजली नव्हती. मला कळलं नव्हतं. ही पण मोजली नव्हती."

"वेडा झालास का?" सुतार ओरडला. "आता या गाड्या बाजारात कशा जायच्या?"

"टोपण काढा, आस तासून मापाला आणा. मग खूण मिळेल."

खुणेशिवाय गाडी कोण घेणार? कुरकुरत का होईना, सुताराने पहिलं टोपण उचकटलं.

गाडी घ्यायला आलेल्या एका माणसाने विचारलं, "म्हणजे आता पुन्हा हवं ते चाक बसवता येईल?"

"येईल."

"पण वाळूत चालणारं चाक आणू कुठून? चाकवाली तर काल गेली."

मापाडी खाली बसला आणि पुढच्या गाडीची खूण पुसू लागला.

बोध: जे कळलं नाही त्याला हो म्हणू नये, आपली लाज घटकाभर झाकली जाते आणि दुसऱ्याचं पोट कायमचं मारलं जातं.