हलकी नळी

“...पण चाचा, रायफलला कार्बनची नळी चढवू, की ही पोलादीच राहू दे?”

अधिराज बागलने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनचाचा खळ ढवळत होते. निशाणाचे कागद फळीवर डकवायला कणकेची खळ लागते, आणि तिच्यात गाठ झालेली चाचांना खपत नाही.

चाचा फौजेतले निवृत्त सुभेदार. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत रायफल शिकवायचे. शिकवायचे म्हणजे, बराच वेळ गप्प बसायचे.

अधिराज त्यांचा सगळ्यात चांगला शिष्य. असं चाचा कधी म्हणाले नव्हते. अधिराजच म्हणायचा, आणि बऱ्याच जणांना म्हणायचा.

रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. मागच्या दोन्ही वर्षी झोपून आणि गुडघ्यावर बसून मारायच्या फेऱ्यांत तो सगळ्यांच्या पुढे होता. उभ्या फेरीत सगळं घालवून परत आला. यंदाही तसंच झालं, तर त्याच्या जागेवर नवी पोरं उभी राहतील आणि त्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

नळी बसवणारा कारागीर पुण्याहून येऊन शहरात थांबला होता. दुपारी परत निघणार होता. एकदा जुनी नळी उतरली, की रविवारच्या आत ती पुन्हा चढणार नव्हती.

“तिच्यात चांगलं काय?” चाचांनी विचारलं.

“आत पोलादाची पातळ नळी, वरून कार्बनचे धागे गुंडाळून घट्ट केलेले. वजन जवळजवळ निम्मं. तरी ताठ. बनवणारे म्हणतात, लवकर निवते.”

“आणि वाईट?”

“काही जण म्हणतात, उलट उष्णता आतच कोंडते. महाग आहे. पुढचा भार गेला की रायफलचा तोल बदलतो, तो नव्यानं अंगवळणी पाडावा लागतो. तिला कुठली गोळी मानवते, तेही पुन्हा पहिल्यापासून बघायचं.”

“दोन्ही बाजू पाठ आहेत. वकील व्हायचास.”

“तुमचं मत सांगा ना.”

“चांगली चीज आहे. बर्फात चौकीवर चढताना कुणी दिली असती, तर मुका घेतला असता तिचा.”

“म्हणजे घेऊ?”

“तू कुठली चौकी चढतोयस?”

अधिराज हसला नाही.

“उभं राहिलं की हात भरून येतो, चाचा. नळी हलायला लागते.”

“आणि हलकी घेतलीस की हलायची थांबेल?”

“म्हणजे पोलादीच.”

“असं मी म्हटलं?”

खळ झाली होती. चाचांनी डबा खाली उतरवला.

“उभा राहा. गोळी न घालता. दाखव, कशी हलते.”

अधिराजने रायफल खांद्याला लावली. कागदावरच्या गोल ठिपक्याला नेमबाज नुसतं ‘काळं’ म्हणतात. ते काळं नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या कड्यात शिरलं, बाहेर गेलं, पुन्हा शिरलं. त्याने श्वास धरला. तसं ते जास्तच नाचायला लागलं.

“हे बघा. मध्ये आलं म्हणेपर्यंत पळतं.”

“ठेव खाली. बोल्ट उघडा ठेव.”

डबा, ब्रश आणि नवा कागद घेऊन चाचा पलीकडच्या मातीच्या बांधाकडे निघाले. विहिरीवर पाणी आणायला निघाल्यासारखे. अधिराजने तेवढ्यात मोबाईलवर कार्बनच्या नळीचा फोटो पुन्हा एकदा बघून घेतला.

चाचा परत आले, बसले.

अधिराजने समोर पाहिलं. फळीवर कागद होता आणि काळं नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं आता काही खरं नाही, असं त्याच्या मनात आलं. वयाचा मान राखून त्याने आवाज खाली ठेवला.

“चाचा, कागद उलटा लागलाय. छापलेली बाजू आत गेलीय.”

“पाच गोळ्या घे.”

“नेम कशावर धरू?”

“मार म्हटलं ना.”

त्याने रायफल उचलली. कड्यात नुसतं पांढरं. आत आलं म्हणून धरायला काही नाही, निसटलं म्हणून हळहळायला काही नाही. पहिली गोळी सुटली, ती कंटाळ्यानेच. मग दुसरी. पाचवी सुटली तेव्हा सहावीसाठी त्याचा हात पेटीकडे गेला होता.

दोघं चालत फळीपाशी गेले. कागदाच्या मध्यापासून जरा डावीकडे पाच भोकं. एका बोराखाली झाकली गेली असती.

अधिराज कागदाकडे बघत राहिला. मग त्याने खांद्यावरच्या रायफलकडे पाहिलं. नळी तीच होती.

“हात भरून आला होता?” चाचांनी विचारलं.

“...लक्ष नव्हतं.”

तेवढ्यात फोन वाजला. कारागीर होता.

“बागलसाहेब, माझी निघायची वेळ झाली. उतरवायची का जुनी नळी?”

अधिराजने चाचांकडे पाहिलं. कागदाचा एक कोपरा सुटला होता, चाचा तो अंगठ्याने दाबत होते. अगदी मन लावून.

“राहू द्या,” अधिराज फोनमध्ये म्हणाला. “नाही हो, वाईट नाही तुमची नळी. बघू नंतर... हो. या.”

फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटेल, असा त्याचा अंदाज होता. वाटलं नाही.

“पण चाचा,” तो म्हणाला, “रविवारी कागद सुलटा असणार. समोर काळं असणार.”

चाचांनी अंगठ्याची खळ पायजम्याला पुसली.

“असेल की. कागदावर. तिथंच राहू दे त्याला.”