झाडलेला उतार

“मग माझं चुकतं तरी कुठं, महाराज?”

नरहरशास्त्र्यांनी ताम्हण पुढे सरकवले. थोड्या वेळापूर्वी त्यात मातीचे शिवलिंग उभे होते. तांब्याची पहिली धार पडली आणि ते बसकण मारून खचले. आता तळाशी तांबडी वाळू तेवढी उरली होती.

केवलगिरी महाराजांनी ताम्हणाकडे पाहिले, शास्त्र्यांकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

“पुन्हा कर…”

हे ‘पुन्हा कर’ ऐकून ऐकून शास्त्र्यांचे कान किटले होते.

सातपुड्यातल्या आंबखोऱ्यात उभ्या चढाच्या एका डोंगरावर महाराजांचा मठ होता. डोंगर सगळा वालुकाश्माचा. दगडावरून हात फिरवावा तर तळव्याला वाळू लागावी. अमरावतीची वेदपाठशाळा सोडून शास्त्री तिथे आले ते अनुग्रहासाठी. फाल्गुन चालू होता. महाराजांनी अट एकच घातली. श्रावणात, आपल्या राहत्या झोपडीमागच्या उताराची माती घेऊन तिचे पार्थिव लिंग करायचे. ते अभिषेकाला टिकेल त्या दिवशी कानात मंत्र मिळेल.

शास्त्र्यांना ही अट म्हणजे पोरखेळ वाटला. मात्र उतार पाहून त्यांचा जीव विटला. सालवृक्षांचा पाचोळा घोटाघोटापर्यंत साचलेला, खाली कुजके लाकूड, दगडांवर काळपट शेवाळ, जागोजाग मुंग्यांची वारुळे. इथल्या मातीचा देव कसा घडवायचा?

त्यांनी कंबर कसली. रोज स्नानापूर्वी खराटा घेऊन ते उतार झाडू लागले. पाचोळा जाळला, शेवाळ खरवडले, गवत मुळासकट उपटले, वारुळे उकरून टाकली. वैशाख संपेपर्यंत तो उतार एखाद्या देवळाच्या अंगणासारखा दिसू लागला, आणि शास्त्र्यांना त्याचा मोठा अभिमान वाटू लागला.

महाराज त्या वाटेने जाताना थबकत. एकदा ते म्हणालेही, “राहू दे की…”

“सेवा आहे, महाराज,” असे नम्रपणे म्हणून शास्त्री झाडतच राहिले. महाराज खोकले आणि पुढे गेले.

मग पाऊस आला. उतारावरून पाणी तांबडे होऊन धावू लागले. आधी बोटभर ओघळ पडले, मग त्यांत पाय मावू लागला. सालवृक्षांची मुळे हवेत लोंबू लागली आणि मधेमधे नागडा खडक दिसू लागला. शास्त्र्यांच्या मनात आले, बरेच झाले, डोंगर स्वतःच स्वतःला धुऊन घेतो आहे.

श्रावण लागला. शास्त्र्यांनी पहिल्या सोमवारी लिंग केले, ते खचले. त्यांनी माती वस्त्रगाळ केली. लिंग आणखी लवकर खचले. उच्चारात दोष राहिला असेल म्हणून त्यांनी रुद्राची आवर्तने वाढवली, उपवास धरला, मौन पाळले. वाळूला त्याचे काहीच नव्हते. मठातल्या इतर शिष्यांना जे दोन-चार दिवसांत साधले होते, त्यासाठी शास्त्र्यांचा श्रावण सरत आला होता. आज शेवटचा सोमवार. आज साधले नाही तर पुढल्या वर्षापर्यंत थांबायचे. आणि महाराजांचे वय पाहता पुढले वर्ष कुणी पाहिले होते?

त्यातच मठात स्वयंपाक करणारी गोदाबाई पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली. खालच्या कुंडात वाळू भरत चालली होती, घागर बुडेनाशी झाली होती, आणि पाणी कितीही गाळले तरी दाताखाली कचकच येतच होती. हे सगळे तिने महाराजांना ऐकवले आणि शास्त्र्यांकडे वळली.

“शास्त्रीबुवा, तुमचा डोंगर आमच्या डाळीत उतरला हो. आता चार घास डोंगराचे तुम्हीच खा.”

महाराजांच्या पांढऱ्या मिशा किंचित हलल्या. शास्त्री मात्र तापले.

“या डोंगरातच दम नाही, महाराज. दगडच वाळूचा, त्याची माती वाळूवाचून दुसरी होणार कशी? आज्ञा द्यावी. खाली नदीकाठची काळी माती घेऊन येतो.”

महाराज गुडघ्यांवर हात ठेवून उठले. त्यांनी पाण्याचा कमंडलू उचलला.

“चल.”

झाडलेला उतार ओलांडून दोघे पुढे गेले. तिथे डोंगर एकदम तुटला होता. चढण इतकी उभी की खराटा घेऊन उभे राहता येत नव्हते, म्हणून शास्त्र्यांनी ती जागा सोडून दिली होती. महाराज तिथे बसून घसरत घसरत उतरले. तोंडाने पुटपुट चालली होती… या वयात, तुझ्यापायी, काय काय करावं लागतं…

पाचोळ्याखाली त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसला. मूठभर काळसर माती काढून ती शास्त्र्यांच्या ओंजळीत ठेवली.

“कर.”

“महाराज, यात पानं कुजलेली आहेत. मुंग्या आहेत. हे देवाला…”

“देवाचं देव बघेल. तू कर.”

शास्त्र्यांनी नाक आखडून माती दाबली. बारीक मुळ्या बोटांत अडकत होत्या. एका खडकावर त्यांनी ते ओबडधोबड लिंग ठेवले. महाराजांनी कमंडलू त्यांच्या हाती दिला.

धार पडली. पाणी मातीत मुरले आणि बुडाशी हळूहळू नितळ पाझरले. शास्त्र्यांनी कमंडलू रिकामा केला.

लिंग उभे होते.

एक मुंगी चढत चढत त्याच्या माथ्यावर गेली. शास्त्र्यांचे बोट तिला उडवायला पुढे झाले. महाराजांनी ते वरच्यावर धरले.

शास्त्री खाली पाहू लागले. गुडघ्याखाली तोच दगड होता. तळव्याला तीच वाळू लागत होती. त्यांनी मान वळवून मागच्या, आपण झाडलेल्या उताराकडे पाहिले… आणि बराच वेळ पाहत राहिले.

“तिथं पुन्हा माती कधी येईल, महाराज?”

“तुला-मला दिसायची नाही.”

शास्त्री धडपडत उठले. इथला पाचोळा आत्ताच्या आत्ता उचलून तिकडे नेऊन पसरतो, असे म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी कवळा भरला.

महाराजांनी कपाळावर हात मारला.

“म्हणजे आता हाही उतार सोलणार…”

शास्त्र्यांचे हात सैल पडले. पाचोळा होता तिथेच पडला.

थोड्या वेळाने महाराजांनी त्यांना जवळ बोलावले. लिंग टिकले होते. शब्द पाळायचा होता. शास्त्र्यांनी उपरणे डोक्यावर घेतले, डोळे मिटले, मान झुकवली. महाराजांचा श्वास कानाशी आला.

“झाडू नकोस.”

शास्त्री थांबून राहिले. आणखी काही आले नाही… त्यांनी डोळे उघडले. महाराज हातापायांवर चढण चढू लागले होते.

“आणि मंत्र, महाराज?”

महाराज न वळताच म्हणाले, “याहून मोठा ठाऊक असता, तर तो सांगितला असता.”