बीजेची कोर

राजाचे फक्त नाव आणि हुकूम कारभाऱ्याचा, असे एक राज्य होते. कारभारी गडगंज श्रीमंत, पण माणसांत रमणारा. कुणी हार आणला की मान पुढे करायचा. लोकांना नाही म्हणणे त्याला जमायचेच नाही.

त्याची थोरली बहीण दूरच्या खेड्यात, कुंभाराच्या घरी दिलेली होती. दर भाऊबिजेला कारभाऱ्याचा शालू यायचा, कारभारी यायचा नाही. बहीण मात्र पाट मांडून, निरांजन लावून बसायची.

ज्यांचा भाऊ येत नसे, त्या बायका तिथे चंद्राला ओवाळत. शेजारीण म्हणायची, "अगं, तूही ओवाळ आणि मोकळी हो!"

"चंद्र त्यांचा, ज्यांना भाऊ नाही. माझा चांगला धडधाकट आहे."

एका वर्षी तिने शालू परत पाठवला. गाडीवानाला म्हणाली, "सांग त्याला, पेटी भरली. आता तूच ये. आणि लवकर ये, घारगे गार होतात."

गाडीवान उलट निरोप घेऊन आला. "धनी येतायत, आक्का! आधी हसले, मग डोळे पुसले."

वाटेवर सात गावे होती. बातमी फुटली आणि प्रत्येक वेशीवर कमान उभी राहिली. सुवासिनी तबके घेऊन थांबल्या. बीजेच्या सकाळी लांबवर ढोल वाजला. बहीण अंगणात आली. ढोल एका गावात थांबे, बऱ्याच वेळाने पुढच्या गावात सुरू होई.

दुपारी गाडीवान धावत आला. "धनी म्हणतात, एवढे दोन सत्कार उरकून येतो. लोक रागावतील. आक्का काय, घरचीच आहे, थांबेल."

"थांबते की. मी कुठे जाणार?" बहीण म्हणाली आणि घारग्यांवर झाकण ठेवले.

उन्हे कलली. ढोल ओढ्यापलीकडच्या शेवटच्या गावात वाजू लागला. तिने निरांजनात पुन्हा तूप घातले. तेवढ्यात ढोल मध्येच थांबला.

"निघाला गं तुझा भाऊ!" शेजारीण म्हणाली. बहिणीने डोक्यावर पदर घेतला, पाट सरळ केला.

आला तो गाडीवान. पागोटे हातात होते. "आक्का, कमानीखाली ओवाळून घेतलं, खुर्चीत बसले... ते उठलेच नाहीत."

कारभाऱ्याला तिच्याच अंगणात आणले. कपाळावर सात गावांच्या कुंकवाचा जाड थर होता. बहिणीने पदर भिजवून तो हलकेच पुसला. लहानपणी तोंड पुसायची, तसा.

"वेड्या, सगळ्यांकडून ओवाळून घेतलंस. माझ्यापुरती जागा तरी ठेवायचीस."

डोंगरावर बीजेची बारीक कोर दिसत होती. शेजारणीने तबक तिच्या हातात दिले. बहीण उठली आणि तिने चंद्राला ओवाळले. आता तो तिचाही झाला होता.

तात्पर्य: जे आपल्यासाठी थांबतील याची खात्री असते, त्यांनाच आपण सगळ्यांत शेवटी ठेवतो. त्यांच्याकडे आधी जावे.