बिनपैशाचे तिकीट

एकदा एक आंधळी म्हातारी बाजाराहून बसने घरी निघाली होती. घरात बोलायला कोणी उरले नव्हते. बाजारात ती काही घ्यायला जात नसे. माणसांचे आवाज कानावर पडावेत म्हणून जाई. भाडे माफ, म्हणून कंडक्टर तिच्यापाशी न थांबता पुढे सरके. आपला फाटा ती कानांनी ओळखी. पुलावर चाके धडधडली की उठायचे.

त्या संध्याकाळी बस नव्या रस्त्याने वळली. पूल आलाच नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला, तेव्हा आपला फाटा मागे पडला हे म्हातारीला कळले. फुकट बसणाऱ्याने गाडी थांबवा कसे म्हणायचे?

मागच्या बाकावर एक वृद्ध गुरू आणि त्यांचा शिष्य बसले होते. कंडक्टरने शिष्याला तिकीट दिले आणि तो वळला.

"माझं राहिलं," गुरू म्हणाले.

"बाबा, तुम्हाला पैसे नाहीत. बसा निवांत."

"पैसे नसू देत. तिकीट दे."

"शून्याचं तिकीट काय भिंतीवर लावता, आजोबा?" कोणीतरी बोलले. सगळी बस हसली.

शिष्य ओशाळला. "गुरुजी, कशाला हा हट्ट?"

"तुला तिकीट देताना तो काय म्हणाला?"

"'कुठं?' म्हणाला. दुसरं काय म्हणणार?"

"मला तेवढंच हवं आहे. म्हाताऱ्यांचं, अपंगांचं भाडं माफ झालं, फार चांगलं झालं. पण भाड्याबरोबर विचारणंही माफ झालं, बघ. अरे, बोचकं ठेवलं तरी कुठं उतरवायचं ते विचारून घेतात."

"कुठं, बाबा?" कंडक्टरने गुरूंना विचारले. तिकिटाचे यंत्र किरकिरले. मग पावले म्हातारीपाशी येऊन थांबली.

"मावशी, तुम्ही कुठं?"

सकाळपासून न वापरलेला आवाज तिला खाकरून काढावा लागला. "पुलापलीकडचा फाटा. मागं राहिला, बाबा."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"कोणी विचारलं नाही."

कंडक्टरने घंटी ओढली. त्याने हात धरून तिला खाली उतरवले. मागोमाग शिष्यही उतरला. गुरूंनी त्याला सांगितले नव्हते.

"चला आजी, सोडतो घरापर्यंत."

दोघे आल्या रस्त्याने मागे चालू लागले. काही वेळाने डांबर संपले, पायाखाली ओळखीची माती आली. इथून पुढे तिला काठी पुरे होती. तिने त्याला तसे सांगितले नाही. उलट आणखी सावकाश चालू लागली.