मन्सूरवर पहारा

एका गावात एक नाव फार बदनाम होतं. ते नाव मन्सूर.

त्याचं असं झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात एक कल्हईवाला आला. नाव विचारलं तर त्यानं मन्सूर असं सांगितलं. गावानं आपली तांब्यापितळेची भांडी त्याच्यापुढे आणून ठेवली. तो म्हणाला, "आयाबायांनो, नव्या कल्हईला दृष्ट लागते. घरी जाऊन दारं लावून बसा. मी घंटी वाजवली की या." बायका दारं लावून बसल्या. घंटी काही वाजली नाही. दुपार कलल्यावर येऊन बघतात तर भट्टी थंड आणि भांडी गायब!

आपण दारं लावून बसलो, हे गाव लवकरच विसरलं. चोराचा चेहराही विसरलं. नाव मात्र घट्ट धरून ठेवलं. कोणाची पळी हरवली की "मन्सूरनं नेली." एखादं पोर खोटं बोललं की "मन्सूर कुठला!" पाटलांच्या घरी लोणी चोरणारा एक बोका होता, त्याचंही नाव मन्सूरच ठेवलं होतं. बिचाऱ्या बोक्याला काय, लोणी मिळाल्याशी कारण.

चोरीनंतर गावानं पंगतीसाठी मोठी भांडी नव्यानं केली. पुन्हा कोणी नेऊ नये म्हणून प्रत्येकावर गावाचं नाव कोरून घेतलं. पुढे आबाजी पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी भांडी बाहेर काढली, तर कल्हई उडालेली, आतून तांबं लाल दिसत होतं. अशा भांड्यात आमटी केली तर कळकणार, आणि मुलीकडच्या जेवणानं वऱ्हाड आजारी पडलं तर मुलीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. पाटलीणबाई गोदाक्का हवालदिल झाल्या.

नेमका त्याच सकाळी एक कल्हईवाला आला आणि चिंचेखाली बसला. पाटलांनी विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"मन्सूर."

जमलेल्या बायकांनी भांडी उचलून पोटाशी धरली. काय घडलं होतं ते गोदाक्कांनी त्याला ऐकवलं आणि म्हणाल्या, "दुसरं काही नाव सांगितलं असतंस, तर निदान काम तरी मिळालं असतं."

तो म्हणाला, "आक्का, हे माझ्या आजोबांचं नाव आहे. खोटं नाव सांगून भांडी घेतली, तर ती खरेपणानं परत कशी करू?"

बोलणं चोख होतं. पण संशय घेणाऱ्याला चोख बोलणंही चोराचंच वाटतं. आता याला काम द्यायची भीती, आणि सोडून द्यायचीही भीती. सोडला आणि रात्री घरं फोडली तर? पाटलांनी आपला गडी हैबती याला काठी देऊन त्याच्यासमोर बसवलं. गावातली रिकामी माणसंही भोवती जमली.

थोड्या वेळानं दुसरा एक कल्हईवाला गाडी घेऊन आला आणि ओढ्याकाठी बसला. नाव सांगितलं सखाराम. नाव ऐकताच गोदाक्कांचा जीव भांड्यात पडला, आणि भांडी सखारामच्या पुढ्यात! तो म्हणाला, "आक्का, नव्या कल्हईला दृष्ट लागते. तुम्ही घरी बसा. मी घंटी वाजवतो." बायका मुकाट्यानं घरी गेल्या. कोणालाही काही आठवलं नाही.

इकडे चिंचेखाली मन्सूर हैबतीला म्हणाला, "दादा, माझ्यावर डोळे ठेवा. पण एकदा ओढ्याकडेही बघा. कल्हई चालू असली की नवसागराचा पांढरा धूर उठतो. तिथं धूर कुठं आहे?"

"अस्सं! म्हंजी तुझं ध्यान अजून भांड्यांवरच हाय तर!" हैबती म्हणाला, आणि ओढ्याकडे पाठ करून अगदी त्याच्या अंगाशी येऊन बसला.

दुपार कलली. घंटी वाजली नाही. गोदाक्का ओढ्यावर गेल्या, तर सखाराम नाही, गाडी नाही, भांडी नाहीत. मग गाव कुठे धावलं? चोराच्या मागे? छे, चिंचेखाली! मन्सूरची पिशवी उपडी केली. आत कथील, नवसागर आणि कापूस. तरी त्याचे हात बांधले.

"तो तुझाच साथीदार!" पाटील ओरडले.

"साथीदार असता तर मी इथं तुमच्या हातात का बसून राहिलो असतो?"

"तेच तर! आमचं लक्ष तुझ्यावर राहावं म्हणून!"

संशयाला उत्तरं कधी कमी पडत नाहीत. गोदाक्का घरात जाऊन मुलीला पोटाशी धरून रडू लागल्या.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. मागून एक भांड्यांनी भरलेली गाडी आली, आणि गाडीत हात बांधलेला एक माणूस. व्याही म्हणाले, "पाटील, हा वाटेत भेटला. भांड्यांवर तुमच्या गावाचं नाव दिसलं म्हणून धरून आणला. नाव विचारलं तर मन्सूर सांगतो."

"अहो, हा तर सखाराम!" सगळे एकदम म्हणाले.

गोदाक्का जवळ गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव न विचारता नुसता चेहरा पाहिला. मग डोक्याला हात लावून खाली बसल्या. "अगं बाई! दृष्ट लागते म्हणणारा तो हाच की! तेव्हाही हाच होता!"

गावोगाव चोरी करायची आणि दर वेळी कोणाचं तरी नाव मागे टाकून जायचं, हा त्याचा धंदा होता. त्याचं खरं नाव कोणाला कधीच कळलं नाही.

हैबतीनं मन्सूरचे हात सोडले. पाटील मान खाली घालून म्हणाले, "मन्सूरभाई, आमचं चुकलं. एवढी भांडी कल्हईला घ्या. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

मन्सूर मनगटं चोळत म्हणाला, "करून देतो. पोरीनं माझं काय केलंय? पण पाटील, तुम्ही समोर बसा, आणि शेवटचं भांडं होईपर्यंत उठू नका."

"अहो, आता तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे."

"असेल. पण माझा तुमच्यावर नाही. उद्या एखादा चमचा हरवला, तर मला साक्षीदार लागेल."

पाटील समोर बसले. पांढरा धूर उठला, भांडी चांदीसारखी झाली. दुसऱ्या दिवशीची आमटी कोणालाच बाधली नाही. पंगतीच्या गडबडीत बोक्यानं लोण्यात तोंड घातलं. गोदाक्का ओरडायला गेल्या, "मेल्या मन्..." आणि तिथंच थांबल्या. तेव्हापासून त्या घरचा बोका नुसता बोकाच राहिला.

तात्पर्य: जो चोराचा चेहरा विसरून त्याच्या नावावर पहारा बसवतो, तो सज्जनाचे हात बांधतो आणि चोराला वाट मोकळी करून देतो.