दवंडीतलं ठिकाण

निंबगडच्या राजाने एखाद्याला अभय द्यावे आणि आठवड्याच्या आत त्याला कुणीतरी गाठून झोडपावे, असे सारखे घडू लागले होते. घडणारच! आसरा मागणाऱ्याच्या नावाची हा शहाणा राजा गावोगाव दवंडी पिटवायचा आणि तो कुठल्या आळीत, कुणाच्या घरी राहतो, तेही सांगायचा. मारेकऱ्याला शोधाशोध करायचे कष्टच नकोत.

अशा या दरबारात गावोगाव बांगड्या भरत फिरणारी सखू कासारीण आली. नवऱ्याने कोयता उगारला म्हणून पळालेल्या तानूला तिने आपल्या घरी लपवले होते. तानूला अभय द्या, पण दवंडीत घर सांगू नका, एवढेच तिचे मागणे होते.

राजाने मिशीला पीळ दिला. ठिकाणाशिवाय दवंडी नाही आणि दवंडीशिवाय अभय नाही, ही वाडवडिलांची रीत आहे, असे त्याने ठणकावले. प्रधानाने मान डोलावली. त्याला दुसरे काही येतही नव्हते.

"मग आधी आपलीच दवंडी होऊ द्या," सखू म्हणाली. "महाराज आज कुठल्या महालात निजणार?"

राजा दचकला. हा शूरवीर भीतीपोटी रोज महाल बदलून निजायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते.

"वेडी आहेस का? दवंडी वैऱ्यालाही ऐकू जाते!"

"तानूचा नवराही बहिरा नाही, महाराज."

दरबारात खसखस पिकली. राजा लालबुंद झाला.

"रीत मोडणार नाही! नवऱ्याच्या हाती ती लागणार नाही असं ठिकाण दवंडीत घालून दाखव, नाहीतर अभय विसर."

"सोपं आहे. अभय आपलं, मग ठिकाणही आपलंच. ज्याला तानू हवी, त्यानं राजवाड्याच्या दारात यावं, एवढंच पुकारा."

तशी दवंडी पिटली गेली. दुसऱ्याच दिवशी तानूचा नवरा कोयता नाचवत, बायकोला शिव्या देत थेट राजवाड्याच्या दारात आला. पहारेकऱ्यांनी त्याच्या मुसक्या बांधल्या. एवढा अक्कलशून्य माणूस निंबगडातही विरळाच.

खूश होऊन राजाने सखूसाठी सोन्याच्या पाटल्या आणि तानूसाठी लुगडे काढले.

"माणसाबरोबर घरी पाठवतो. घर कुठं तुझं?"

"तानूचे दोन दीर अजून मोकळे आहेत, महाराज," सखू म्हणाली. "इकडंच द्या. माझं मी नेते."

राजा पोट धरून हसला आणि पाटल्या-लुगड्याचे गाठोडे त्याने स्वतःच तिच्या हातात दिले.