भाऊसाहेबांची सही

मालन धुमाळ म्हणजे कबड्डीतली एके काळची नावाजलेली व्यावसायिक खेळाडू. आज ती समाजसेवेचा पुरस्कार घ्यायला मंचावर चढत होती. पायरीपाशीच गावचे पुढारी भाऊसाहेब यांच्या माणसानं तिला गाठलं. "ताई, मैदान सोडते म्हणून आज माईकवर सांगून टाका. नाहीतर उद्या जेसीबी येईल. मग आत पोरी असोत, नसोत."

त्या मैदानावर मालन गरिबाघरच्या साठ पोरींना फुकट शिकवायची, जेवू घालायची. भाऊसाहेबांना तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं.

रीतीप्रमाणे भाऊसाहेब मानपत्र वाचू लागले. ते लिहिलं होतं शाळेतल्या गुरुजींनी, आणि ह्या गड्यानं न वाचताच खाली सही ठोकलेली. "हे मैदान म्हणजे गरीब लेकींचं माहेर. ते हयातभर मालनताईंच्याच हाती राहील, हा आमचा शब्द..." इथं त्यांची जीभ अडखळली. पण तोवर टाळ्या पडल्या होत्या.

"आता ताई एक घोषणा करतील," ते तिच्यावर डोळे रोखून म्हणाले.

समोर तिच्या पोरी बसल्या होत्या. तिनं माईक धरला.

"भाऊसाहेब, मैदान मी आत्ता सोडलं असतं. पण मग उद्या गाव म्हणेल, भाऊसाहेबांच्या सहीला काडीची किंमत नाही. तुमची एवढी बेअब्रू मी कशी होऊ देऊ?"

सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या भाऊसाहेबांनाच वाजवाव्या लागल्या.